गुणाजीची पहिली बायको

नवरी कमरेइतकी उंच होती. तिला हळद लावून झाली होती, वरच्या फांदीला मुंडावळ्या बांधल्या होत्या, आणि लग्न लागायच्या आत ती पळून जाईल अशी भीती कोणालाच नव्हती, कारण तिची मुळं कोपरीच्या मिठागराच्या बांधात खोल गेली होती. ती रुई होती.

नवरा गुणाजी. तो पाटावर उभा होता आणि सारखा नवरीच्या पलीकडे बघत होता. पलीकडे सगुणा उभी होती.

(रिवाज आत्ताच सांगून टाकू, अंतरपाट धरणाऱ्यांचे हात दुखायच्या आत.)

सगुणा विधवा. त्यांच्या जातीत विधवेला दुसरा नवरा करता येत असे. त्याला पाट लावणं म्हणत. पण पाट लावणारा पुरुष कोरा चालत नसे. त्याचं आधी एकदा लग्न झालेलं हवं. गुणाजी तर तिशीला आला तरी कोरा. अशा माणसाचं आधी रुईशी लग्न लावायचं, मग कोयता घेऊन रुई तोडायची. बायको मेली. नवरा बिजवर झाला. बिजवराला विधवा चालते. एका सकाळचं काम.

आणि ते होळीच्या आत व्हायला हवं होतं. होळीला सगुणाचा दीर टिटवाळ्याहून तिला न्यायला येणार होता. पोटी मूल नाही, दुसरा पाट नाही, अशी विधवा सासरची. तिने उरलेला जन्म दिराच्या शेतात भात लावायचं, दिराची पोरं सांभाळायची आणि जावेच्या शिव्या खायच्या. सगुणा माहेरी कोपरीत भाजी पिकवून टेंभी नाक्यावर विकत होती. शिव्या खाण्यापेक्षा देण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं.

अंतरपाटाचं एक टोक भिवा पाटलाने धरलं होतं. भिवा म्हणजे गुणाजीचा सख्खा काका, गावच्या पंचांतला थोरला. गुणाजी लहानपणापासून त्याच्या मिठागरात फावडं मारत आला होता, दोन वेळच्या भाकरीवर. कोऱ्या माणसाला भाकरी पुरते. लग्न झालेला माणूस वाटा मागतो. त्यामुळे भिवाने अंतरपाट जरा जास्तच वर धरला होता, म्हणजे आपलं तोंड कोणाला दिसू नये.

अक्षता वाटून झाल्या आणि तेवढ्यात

"अरे वा!"

असं टिपणीस मास्तर म्हणाले.

टिपणीस मास्तर कल्याणचे. टेंभी नाक्याजवळच्या मराठी शाळेत मुलांना शिकवायचे. ठाण्याला आगगाडी येऊन तेव्हा तीस वर्षं झाली होती आणि सरकारने शाळांतून नवीन नवीन विषय काढले होते. त्यांतलं वनस्पतिशास्त्र मास्तरांच्या डोक्यात भिनलं होतं. खिशात भिंग असायचं. सगुणाकडून रोज भाजी घ्यायचे, म्हणून लग्नाला बोलावलं होतं. मास्तरांना एकच व्यसन होतं. खरं असेल ते बोलून टाकल्याशिवाय त्यांना राहवत नसे.

त्यांनी नवरीच्या अंगावरचं एक फूल खुडलं होतं आणि भिंगाखाली धरलं होतं.

"काय रचना आहे! पाटील, हे बघा. हा मधला खांब दिसतो? बाई याच्या आत. आणि त्याच खांबाला बाहेरून चिकटलेले हे पुरुष. एक, दोन, तीन, चार, पाच. एकाच फुलात सगळा संसार!"

अंतरपाट खाली आला.

"काय बोललात मास्तर?"

"फूल म्हणजे झाडाचं लग्नघरच हो. पराग तो पुरुषाचा, बीज धरते ती बाई. काही झाडांत वेगळी असतात, हिच्यात एकत्र."

"म्हंजे," भिवा सावकाश म्हणाला, आणि त्याच्या चेहऱ्यावर उजाडायला लागलं, "नवरीच्या घरात आधीच पाच बाप्ये हायत?"

"प्रत्येक फुलात," मास्तर म्हणाले.

नवरीच्या अंगावर शे-दोनशे फुलं होती.

पुढचं कोणाला नीट ऐकू आलं नाही. पंच बसल्या जागेवरून उठले. कोणीतरी अक्षता परत गोळा करू लागलं. भिवाने अंतरपाटाची घडी घालून काखेत मारली. "दुसऱ्याची लग्नाची बायको आमच्या घरात नको. उद्या तिचे नवरे भांडायला आले तर किती जनांना जेवू घालू?"

"काका, झाडं कवा भांडायला येतात?" गुणाजी म्हणाला.

"मग झाडाशी लगीन कशाला लावतोस? रिवाज तो रिवाज. नवरी बाई पायजे, निस्ती बाई. आनि बिनलग्नाची."

सगुणा मास्तरांच्या समोर येऊन उभी राहिली.

"मास्तर, लगीन तुमी मोरलंत."

"मी? मी फक्त…"

"आता नवी नवरी तुमी शोधायची. होळीच्या आत. तवर तुमाला माज्याकडची वांगी नाय."

मुलगी पाहण्याचा कार्यक्रम: तळ्याकाठी

नाव: शेवाळ.
राहणार: मासुंदा तलाव, पायऱ्यांच्या डाव्या अंगाला.
वर्ण: हिरवा.
उंची: नाही. लांबी आहे.
आईवडील: सांगता येत नाही. खालच्या परिच्छेदात कारण दिलं आहे.

मास्तरांनी काचेच्या पेल्यात पाणी घेऊन त्यात शेवाळाचे धागे सोडले. भिवा, गुणाजी आणि दोन पंच पायरीवर उकिडवे बसले. मुलगी पाहायला गेल्यावर बसतात तसेच, फक्त पोहे नव्हते.

"वनस्पतींत हे सगळ्यांत साधं कूळ," मास्तर म्हणाले. "मूळ नाही, खोड नाही, पान नाही, फूल नाही. तुकडा पडला तरी तो वाढतो."

"म्हंजे मारली तरी मरत नाय?" एका पंचाने विचारलं. त्याला पुढच्या कोयत्याची काळजी होती.

"नवऱ्याचं सांगा," भिवा म्हणाला.

"एरवी लग्नच नाही. पण दिवस वाईट आले, पाणी आटायला लागलं, की दोन धागे शेजारी शेजारी येऊन पडतात. मध्ये पूल होतो. मग एका धाग्यातलं सगळं दुसऱ्यात वाहत जातं. त्याचं बीज होतं. पुस्तकात चित्र आहे."

"मग त्यातला नवरा कनचा?"

मास्तर अडखळले. खोटं बोलता येत नव्हतं. "दोघं दिसायला अगदी सारखे असतात. पण जो रिकामा होतो त्याला नवरा म्हणायला हरकत नाही."

पंचांनी एकमेकांकडे पाहिलं आणि मान डोलावली. हे त्यांना पटलं.

भिवाला मात्र पटलं नाही. जी रिकामी होईपर्यंत नवरा की बायको ते कळत नाही, तिच्या गळ्यात माळ घालायची तरी कशी? आणि गळा तरी कुठे? नकार.

विहिरीवर. दोन स्थळं, एकाच भिंतीवर

कोपरीची जुनी विहीर. आत उतरायला पायऱ्या, आणि खालच्या दगडांवर बाराही महिने ओल. तिथे एक हिरवी मखमल पसरलेली असते, बोट फिरवलं तर गार लागते. आणि तिच्या शेजारी फटीतून नेचा लोंबतो, काळ्या बारीक देठाचा हंसराज. सगुणाही या वेळी आली होती. आपली सवत कशी निघते ते बघायला.

आधी मखमल.

"हिच्यात बायका वेगळ्या आणि पुरुष वेगळे असतात," मास्तर म्हणाले, आणि गुणाजीने पहिल्यांदा मान वर केली. "निदान काही जातींत. ही बघा, ही बाईच. हिच्या डोक्यावर ही तारेसारखी काडी आणि काडीवर बोंड दिसतंय ना? ते हिचं मूल."

"डोक्यावर?"

"पाण्याच्या थेंबातून पोहत पुरुषाचं बीज हिच्यापर्यंत येतं. मग मूल धरतं. पण ते आईला सोडून जात नाही. आईच्या डोक्यावरच उभं राहतं, आईचंच खातं, आणि शेवटी वरून धुरळा उडवून मरतं. त्या धुरळ्यातून पुन्हा नवी मखमल."

"जनमभर दुसऱ्याच्या डोक्यावर उभं राहून खायचं," सगुणा म्हणाली. "पाटील, तुमच्या घरान्यातलीच दिसते."

दोघे पंच हसले. भिवा हसला नाही. तो म्हणाला की मूल डोक्यावर घेऊन उभी आहे म्हणजे लग्न झालेलं आहे, आणि तसंही नखाएवढ्या नवरीला हळद लावली तर ती हळदीखाली मरेल. तोडायला कोयता लागणार नाही, फुंकर पुरेल. गावात नाव काय राहील?

मग हंसराज. इथे मास्तर खुलले.

"ही मात्र कधीच लग्न करत नाही."

"कवाच नाय?" भिवाने पान उलटं केलं. खाली तपकिरी ठिपक्यांची रांग होती. "आनि ही काय मग? पोरं?"

"पोरं नव्हेत. धूळ आहे ती. ही धूळ ओल्या मातीत पडते आणि तिच्यातून नखाएवढं एक हिरवं पान होतं, बदामाच्या आकाराचं. कोणाच्या नजरेत येत नाही. लग्न ते करतं. तिथे पुरुषही असतो, बाईही असते, आणि त्या लग्नातून पुन्हा असा मोठा हंसराज उगवतो. म्हणजे आजी बिनलग्नाची, आई लग्नाची, नात पुन्हा बिनलग्नाची."

"मग आजीच करू," गुणाजी म्हणाला. त्याला आता कोणीही चालणार होतं. "बिनलग्नाची हाय ना?"

"बिनलग्नाची आहे," मास्तर म्हणाले. ते इथेच थांबले असते तर होळीच्या आत सगळं आटपलं असतं. "पण बाई नाही. बाप्याही नाही. लग्न करणारी पिढीच ती नव्हे."

सगुणाने पायरीवर बसकण मारली.

"मास्तर," ती म्हणाली, "तुमच्या बायकोला माजा नमस्कार सांगा. तिचं धाडस मोठं."

नागडी

साहेबाच्या बंगल्याच्या आवारात मोरपंखीची दोन झाडं होती. माळ्याने सगळ्यांना मागच्या फाटकातून आत घेतलं.

मास्तर: या कुळात बी असतं. पण फूल नाही आणि फळही नाही. बी खवल्यांच्या बोंडात उघडंच बसतं, वर गर नाही, साल नाही.

भिवा: उघडं म्हंजे?

मास्तर: म्हणजे त्याला फळाचं वस्त्र नाही.

भिवा: नागडं?

मास्तर: शास्त्रात तसाच शब्द आहे.

भिवा: चला घरी.

(नकाराची बाकी कारणं सांगायची वेळच आली नाही. पुरुषाची बोंडं आणि बाईची बोंडं दोन्ही एकाच झाडावर होती, आणि पराग वाऱ्यावर उडत होता, नेईल तिकडे.)

ताड, आणि आशा

खाडीकाठी ताडांची रांग होती. मास्तर धापा टाकत गुणाजीला शोधत मिठागरात आले. त्यांची टोपी हातात होती.

"सापडली! ताड! ताडात नर वेगळा, मादी वेगळी. अख्खं झाड नर, अख्खं झाड मादी. कुठे भेसळ नाही!"

गुणाजीने फावडं टाकलं आणि धावला. सगुणा टोपली ठेवून धावली. भिवाला धावावं लागलं.

पहिल्या ताडाला वर शेपटांसारखे लांब लांब तुरे लोंबत होते. "हा बाप्या," मास्तर म्हणाले. दुसरा बाप्या. तिसऱ्या झाडाच्या माथ्यावर ताडगोळ्यांचे घड दिसत होते.

"बाई!" गुणाजी ओरडला. "निस्ती बाई!"

भिवाने कपाळावर हात धरून वर पाहिलं. त्याला मोजायची घाई नव्हती. घड होते बरेच.

"लेकुरवाळी," तो म्हणाला.

मग त्याने शेजारच्या तुऱ्यांच्या ताडाकडे बोट केलं.

"एवढी पोरं हायत म्हंजे नवरा हाय. तो काय, बाजूलाच उभा हाय. त्याच्या डोळ्यांदेखत आपन तिला हळद लावायची?"

"मग लहान ताड घ्या," सगुणा म्हणाली. "ती बघा, पोरगेलीशी. तिला अजून काय नाय लागलं."

सगळ्यांनी मास्तरांकडे पाहिलं. सगुणाने तर हात जोडले. ती कोणाला हात जोडत नसे.

मास्तरांनी ओठ घट्ट मिटले. एकदा गिळलं. दोनदा गिळलं. कान लाल झाले.

"फुलल्याशिवाय कळत नाही," त्यांच्या तोंडून निसटलं. "नर की मादी. फुलायला बारा-पंधरा वर्षं लागतात."

"थांबू की," भिवा म्हणाला. "घाई कोनाला हाय?"

त्याच संध्याकाळी, विहिरीच्या काठावर, फक्त बायका

"ऐकलंस का गं? रुई चालत नाय म्हनं."

"कोनी सांगितलं?"

"पंचांनी. तिच्यात पाच नवरे हायत. तिच्याशी लागलेलं लगीन लगीन नाय."

"थांब. आमच्या यांचं पन रुईशीच लागलं व्हतं. मी पाटाची."

"मी पन पाटाची."

"मी बी."

"म्हंजे आमचे बाप्ये कोरेच व्हते?"

"कोऱ्याशी लागलेला पाट पाट नसतो. पंचांचाच कायदा."

"मग मी येवडी वर्सं कोनाच्या भाकऱ्या भाजते?"

"परक्याच्या."

(इथे बराच वेळ हसणं.)

"आवडाबाई, तू गं? पाटलांनी काय केली व्हती, रुईच ना?"

आवडाबाई म्हणजे भिवा पाटलाची बायको. अंगाने भक्कम, बोलायला कमी. तिने कळशी भरली, डोक्यावर घेतली आणि जाता जाता एवढंच म्हणाली:

"रुईच. बघते मी."

भाकरी

नव्हती.

चूल होती, तवा होता, पिठाचा डबा होता. आवडाबाई ओट्यावर पाय पसरून बसली होती.

"अवो, परक्या बाप्याला मी घरात कसा घेतला, इचार करतेय," ती म्हणाली. "मी पन सादीभोळीच. रुईच्या पाच नवऱ्यांना कळलं तर काय म्हनतील?"

"अगं, ती गोष्ट वेगळी."

"कशी वेगळी?"

भिवा उठून बाहेर पडला. दुसऱ्या घरी गेला तर तिथेही तेच; दारात नवरा बसलेला आणि आत बायका फुगड्या घालताहेत. कोपरीत त्या रात्री निम्म्या घरांत पुरुषांनी चणे खाल्ले. सकाळी पंच भिवाकडे आले आणि त्यांनी त्याला सांगितलं की पाटील, ही रुई तुम्ही बाद केलीत, आता तुम्हीच निस्तरा.

भिवा तडक टिपणीस मास्तरांकडे गेला.

"मास्तर, काय तरी तोड काढा. माजी रुई चांगली व्हती. सोज्वळ. गुन्याची तेवढी वाईट."

"पाटील, रुई ती रुई. जात एकच."

"तीस वर्सांपूर्वी कदाचित निराळी असंल?"

"नाही हो."

"एखादं तरी फूल बिनबाप्याचं?"

मास्तरांना कीव आली. स्वतःचीही आली, कारण वांगी बंद होऊन आता दोडकीही बंद झाली होती. त्यांनी भिंग खिशात टाकलं आणि बांधावरच्या रुईसमोर जाऊन बसले. मुंडावळ्या अजून फांदीला तशाच होत्या.

मास्तर बसले होते तेव्हा

एक काळा भुंगा आला. मोठा, अंगठ्याएवढा, पंखांना निळी झाक. फुलावर बसला, मध पिऊ लागला. पाय घसरला. खांबाच्या फटीत अडकला. त्याने हिसका दिला, आणि पाय बाहेर आला तेव्हा त्याला दोन इवल्या पिवळ्या पिशव्या चिकटलेल्या होत्या, बैलाच्या पाठीवर दोन बाजूंना गोण्या टाकतात तशा. तो उडाला. बांधावरच्या दुसऱ्या रुईवर गेला. तिथे पाय पुन्हा फटीत. पिशवी तिथे राहिली.

मास्तर उभे राहिले. खाली बसले. पुन्हा उभे राहिले. मग पंचायत बसली होती तिकडे पळत सुटले, धोतराचा सोगा हातात धरून.

पंचांसमोर

"तुम्ही चूक केलीत," मास्तर म्हणाले. "म्हणजे मीही केली. एका घरात बाई आणि पुरुष दिसले की तुम्ही त्यांना नवरा-बायको म्हणता?"

"मग काय म्हनायचं?"

"त्या फुलातला पराग पिशवीत बंद असतो. पिशवी खांबाला चिकटलेली. आत बाई आहे, पण तिच्यापर्यंत जायची वाट त्याला नाही. भुंगा ती पिशवी ओढून काढतो आणि दुसऱ्या घरी नेऊन देतो. आणि पुस्तक तर म्हणतं, त्याच झुडपाचा पराग तिला लावला तर बहुतकरून फळ धरतच नाही. तुमच्यात एका देवकाच्या घरात लग्न होतं का?"

"शिव शिव!"

"तिच्यातही होत नाही. पाटील, ते पाच नवरे नव्हेत. ते तिचे भाऊ आहेत."

मग मागे बायका बसल्या होत्या तिथून आवडाबाईचा आवाज आला.

"पाच भावांची एकुलती एक बहीन," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "माज्या यांची पहिली बायको. चांगल्या घरची व्हती गं. मी उगाच बोलले."

"माज्या यांची पन," दुसरी म्हणाली.

"आनि भुंगा म्हंजे?" एका पंचाने विचारलं.

"मध्यस्थ," मास्तर म्हणाले.

"त्याला काय द्यायचं असतं?"

"मध. तो स्वतःच घेतो."

"सगले मध्यस्थ असेच," पंच म्हणाला, आणि रुई पुन्हा नवरी झाली. आडवं येईल असं कोणी उरलं नव्हतं. भिवाकडे सगळ्यांनी पाहिलं. त्याच्या पोटात कालपासून फक्त चणे होते. त्याने मान हलवली.

होळीची सकाळ

दीर आला होता. सगुणाच्या माहेरच्या ओसरीवर पाय हलवत बसला होता, आणि बायकोने सांगितलेल्या कामांची यादी त्याच्या तोंडपाठ होती.

बांधावर नवरीला पुन्हा हळद लागली. या वेळी नवरीचे भाऊ म्हणून पाच जण उभे करावेत असं कोणीतरी सुचवलं, पण भाऊ फुलातच हजर असल्यामुळे गरज नव्हती. अंतरपाट धरला. मास्तरांनी तोंडात पान घालून ठेवलं होतं, म्हणजे काही निसटायला नको. अक्षता पडल्या. लग्न लागलं. गुणाजीच्या हातात कोयता दिला.

"तोर," पंच म्हणाला. "मग लगेच पाट लावू."

गुणाजीने कोयता उचलला.

"लगेच कसा?" भिवा म्हणाला.

सगळे थांबले.

"बायको मेली की सुतक असतं. दहा दिवस. सुतकात पाट लावायचा? मी आपलं इचारतोय. रिवाज तो रिवाज."

ओसरीवरून दीर उठला आणि इकडे येऊ लागला. गुणाजीचा कोयता हवेतच राहिला. मारला तर बायको मरते आणि दहा दिवस बसतात. न मारला तर बिजवर होत नाही. घाम त्याच्या नाकावरून खाली टपकत होता.

"तुमी धरलं व्हतं का सुतक?" आवडाबाईने विचारलं.

"नाय धरलं. म्हनून तर जनमभर भोगतोय," भिवा म्हणाला, आणि आपण काय बोललो ते कळून दोन पावलं मागे सरकला.

सगुणा पुढे आली. तिने गुणाजीच्या हातातून कोयता काढून घेतला. लोकांना वाटलं आता हीच तोडते, किंवा पाटलाला तोडते. तिने कोयता बांधावर ठेवला.

"रिवाज काय हाय, नीट सांगा," ती पंचांना म्हणाली. "नवरा कोरा नको. एवडंच ना?"

"हां."

"आता हा कोरा हाय?"

पंचांनी गुणाजीकडे पाहिलं. अंगभर हळद, गळ्यात माळ. "नाय."

"मग हिला मारायची कशाला? बायको मेलीच पायजे असं कोनी सांगितलं? तुमच्यात दोन बायकांचे किती जन हायत?"

पंचांतल्या एकाने जमिनीकडे पाहिलं. त्याच्या दोन्ही बायका मागे बसल्या होत्या.

"सवत घेशील?" दुसऱ्याने विचारलं.

"घेईन की. ती बोलत नाय, भाकऱ्या मोरत नाय, पानी भरायला लावत नाय. ती बांधावर राहंल, मी घरात. असली सवत कोनाला मिलते?"

"सवत जिती असताना पाट," भिवा पुटपुटला. "हे नवीनच."

"पाटील," पंच म्हणाला, "आज पुरनपोली हाय. आमाला घरी जाऊ दे."

पाट लागला. दीर बांधाजवळ पोचला तेव्हा सगुणाच्या कपाळाला कुंकू होतं. त्याने आधी गुणाजीकडे पाहिलं, मग मुंडावळ्या बांधलेल्या रुईकडे, आणि टिटवाळ्याला जाऊन हे कसं सांगायचं याचा विचार करत पुरणपोळी खायला बसला.

वैशाख

गुणाजीने वाटा मागितला. पंचांनी दिला. भिवाला आपल्या राहिलेल्या वाफ्यांत स्वतः फावडं मारावं लागू लागलं, आणि या वर्षी ऊन असं होतं की मीठ भराभर पिकत होतं, पांढरं शुभ्र, दाणेदार.

रुईला त्याच सुमारास हिरवी बोंडं धरली होती. कोणी तोडली नव्हती म्हणूनच धरली. एका दुपारी ती तडकली. आतून कापूस निघाला, रेशमासारखा, आणि प्रत्येक झुबक्याला खाली एक चपटं तपकिरी बी. खाडीवरून वारा सुटला आणि तो सगळा संसार उडाला तो थेट भिवाच्या वाफ्यांवर उतरला. ओल्या मिठाला चिकटला. पांढऱ्यात पांढरं. वेचायला गेलं तर बोटाला मीठ, झुबक्याला मीठ.

सगुणा टोपली घेऊन बांधावरून चालली होती. भिवा गुडघ्यांवर बसून वेचत होता.

"ही घाण तुमची!" तो ओरडला.

"घान?" सगुणा थांबली. "मामंजी, सवतीची पोरं हायत ती. तुमच्या पुतन्याची. पंचांसमोर लगीन लागलंय. नातवंडं म्हना."

"किती?"

"मोजा ना. घाई कोनाला हाय?"

मास्तर तिच्या मागोमाग येत होते, हातात वांगी. ते तोंड उघडणार, ही मुलं गुणाजीची नसून पलीकडच्या बांधावरच्या रुईची, भुंग्याने आणलेली आहेत, असं सांगणार, एवढ्यात सगुणाने वळून त्यांच्याकडे पाहिलं. मास्तरांनी तोंड मिटलं. चेहरा जांभळा झाला, पण मिटलंच.

बांधावरचं आणखी एक बोंड तडकलं. एक झुबका तरंगत आला आणि भिवाच्या मिशीवर बसला. भिवाने फुंकर मारली. झुबका उडाला, जरा वर गेला, वळला, आणि शेजारच्या वाफ्यात, जिथे नुकतंच सगळं वेचून झालं होतं, तिथे जाऊन बसला.